वणवा पेटण्यापूर्वीची सेवा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री जॉन ब्रम्बी यांनी ६ फेब्रुवारी २००९ रोजी आपल्या जनतेला एक असामान्य इशारा दिला. उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट दिवस ठरू शकतो, गरज नसेल तर घराबाहेर पडू नका, असे त्यांनी सांगितले. राजकारणी सहसा इतके स्पष्ट बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंश सेल्सियसवर गेला. वायव्येकडून भट्टीच्या झोतासारखा वारा सुटला आणि राज्यात ठिकठिकाणी वणवे भडकले. त्या वणव्यांनी १७३ माणसांचा बळी घेतला, दोन हजारांहून अधिक घरे बेचिराख केली आणि सुमारे साडेचार लाख हेक्टर भूमी काळीठिक्कर केली. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात तो दिवस 'ब्लॅक सॅटर्डे', म्हणजे काळा शनिवार म्हणून नोंदला गेला.

त्यानंतरच्या दिवसांत जगाला त्या समाजाचे दुसरे रूप दिसले. कपडे, अंथरुणे, अन्न यांनी भरलेल्या गाड्या जळक्या गावांच्या दिशेने निघाल्या. पुनर्वसन निधीत ३७ कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. अनोळखी माणसांनी अनोळखी कुटुंबांना आपल्या घरात आश्रय दिला. हे सारे उदात्त होते, यात शंका नाही. पण या औदार्याच्या पुरात एक बोचरा प्रश्न वाहून जाता कामा नये. एक दिवस आधी इशारा मिळालेल्या, संपन्न, सुशिक्षित आणि यंत्रणांनी सज्ज अशा समाजात १७३ माणसे आगीत का गेली? त्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास समाजसेवेविषयीच्या आपल्या अनेक सोयीच्या कल्पना तपासून पाहाव्या लागतात.

आगीचा स्वभाव

आग्नेय ऑस्ट्रेलियाचा प्रदेश हा जगातील सर्वाधिक वणवाप्रवण प्रदेशांपैकी एक आहे. तेथील जंगल प्रामुख्याने निलगिरीचे आहे. आपल्याकडे सर्दीवर ज्याचे तेल चोळतात तोच हा वृक्षवंश. त्याच्या पानांतील तेल ज्वालाग्राही असते. अनेक जातींच्या खोडांवरील साल लांबलांब पट्ट्यांनी सुटून लोंबत राहते. पेटलेल्या सालीचे हे पट्टे वाऱ्याबरोबर उडतात आणि मूळ आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात. २००९ साली असे निखारे तीस किलोमीटरपर्यंत पुढे जाऊन पडल्याची नोंद आहे. त्यामुळे आग अजून दूरच्या डोंगरामागे आहे, असे समजून निश्चिंत बसलेल्या माणसाच्या परसात ती अचानक उभी राहते. पुष्कळ घरे ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत. छपराच्या फटीत, पन्हळीतील पाचोळ्यात किंवा दारातल्या पायपुसण्यात शिरलेली ठिणगी त्यांचा घात करते.

दुसरा घातक घटक वाऱ्याचा. आधी वायव्येचा उष्ण वारा आगीला एका लांबट, अरुंद पट्ट्यात पुढे रेटतो. मग संध्याकाळी नैर्ऋत्येकडून थंड वारा येतो. उकाड्याने हैराण झालेल्या शहरवासीयांना तो वरदान वाटतो. वणव्याच्या प्रदेशात मात्र त्याच क्षणी त्या लांबट पट्ट्याची संपूर्ण बाजू आघाडी होऊन धावू लागते. काळ्या शनिवारी किंगलेक आणि मेरीसव्हिल या गावांचा घास या बदललेल्या वाऱ्यानेच घेतला. १६ फेब्रुवारी १९८३ रोजीच्या 'अ‍ॅश वेन्सडे' वणव्यांतही असेच घडले होते. त्या दिवशी व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसे गेली. त्यांत वारा फिरल्यामुळे एकाच ठिकाणी सापडलेले बारा स्वयंसेवक अग्निशामक होते. म्हणजे शत्रूचा स्वभाव ठाऊक होता, त्याची चालही ठाऊक होती.

इशारा होता, निरोप नव्हता

तरीही २००९ साली गफलत झाली. सकाळी पावणेबाराच्या सुमारास किलमोर ईस्ट येथे एक जुनी वीजतार तुटली आणि गवत पेटले. ही एकच आग पुढे ११९ जणांच्या मृत्यूस कारण झाली. निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने जुलै २०१० मध्ये अंतिम अहवाल दिला. त्या अहवालातून त्या दुपारचे जे चित्र उभे राहते, ते कोणत्याही देशातील शासनयंत्रणेने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. कांगारू ग्राउंड येथील नियंत्रण केंद्रातील माणसांना आग किंगलेकच्या दिशेने येत असल्याचे दिसत होते. गावांना सावध करणारे संदेशही त्यांनी तयार केले होते. पण कागदोपत्री ती आग दुसऱ्या केंद्राच्या, किलमोरच्या अखत्यारीत होती. त्यामुळे ते संदेश वेळेत बाहेर पडले नाहीत. ज्याला दिसत होते त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता आणि ज्याला अधिकार होता त्याला चित्र दिसत नव्हते. अधिकारांच्या सीमारेषा ओलांडण्यास आगीला मात्र कोणाच्या परवानगीची आवश्यकता नव्हती.

सर्व राज्याला उद्देशून दिलेला इशारा आणि अमुक गावातील अमुक रस्त्यावरच्या माणसाला 'आता निघा' असा मिळालेला निरोप यांत जीवनमरणाचे अंतर आहे. सर्वांना सांगितलेली गोष्ट प्रत्येकाला दुसऱ्यासाठी सांगितलेली वाटते. त्यामुळे मुख्यमंत्र्यांचे शब्द ऐकूनही बहुसंख्य लोकांनी शनिवार नेहमीसारखाच सुरू केला.

यात धोरणाचाही वाटा होता. त्या काळी नागरिकांना दिली जाणारी शिकवण अशी की, तयारी करा. मग एकतर थांबून घराचे रक्षण करा, अथवा वेळीच निघून जा. ही शिकवण निराधार नव्हती. पूर्वीच्या वणव्यांत अनेक माणसे शेवटच्या क्षणी पळताना रस्त्यावर मोटारीत सापडून मेली होती, तर पाण्याचा साठा आणि पंप घेऊन घरी थांबलेल्यांनी घरे वाचवली होती. पण सर्वसाधारण आगीला लागू पडणारा नियम भीषण आगीलाही लागू पडेल असे गृहीत धरले गेले. तेथे आगीच्या धोक्याची एक मोजपट्टी होती. १३ जानेवारी १९३९ च्या 'ब्लॅक फ्रायडे'ला, ज्या वणव्यांत ७१ जण मृत्युमुखी पडले, जे हवामान होते ते शंभर, असे तिचे माप. काळ्या शनिवारी आकडा शंभराच्या कितीतरी पुढे गेला. पट्टीच अपुरी पडली. पण लोकांना दिलेला सल्ला बदलला नाही.

परिणाम असा की, मृत्यू पावलेल्या १७३ पैकी ११३ माणसे घरांतच सापडली. ही सारी माणसे निष्काळजी नव्हती. काहींनी पाण्याच्या टाक्या भरल्या होत्या, पंप लावले होते, पन्हळी साफ केल्या होत्या. वीज गेली, पंप बंद पडले, छप्पर पेटले आणि मग जाण्यास वाट उरली नाही. काहींनी 'थांबू आणि पाहू' असे ठरवले होते. वणव्यात हा निर्णय सर्वांत धोक्याचा असतो, कारण दिसेपर्यंत थांबणाऱ्याला दिसल्यानंतर निघता येत नाही. आयोगाने ६७ शिफारसी केल्या. त्यांतून इशारे देण्याची पद्धत बदलली, दूरध्वनीवर थेट संदेश जाऊ लागले, अनेक गावांत शेवटच्या आश्रयाच्या जागा निश्चित झाल्या आणि अतिभीषण दिवसासाठी धोक्याची एक स्वतंत्र पायरी आली. त्या पायरीचा अर्थ एकच: अशा दिवशी कोणतेही घर सुरक्षित समजू नका, आदल्या रात्री किंवा पहाटेच निघा. हे सत्य सांगण्यास कठोर आहे. घर म्हणजे माणसाच्या आयुष्याची पुंजी, ती सोडून जा असे सांगणाऱ्याविषयी कोणाला प्रेम वाटत नाही. पण नागरिकांचे खरे हित पाहणाऱ्याने हा अप्रियपणा पत्करलाच पाहिजे.

गावाचे स्वतःचे पथक

शासनयंत्रणेच्या या त्रुटी सांगताना त्या समाजाने उभ्या केलेल्या एका व्यवस्थेचे ऋण मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात आग विझवणारा माणूस बहुधा पगारी नोकर नसतो. तो शेतकरी असतो, शिक्षक असतो, गवंडी किंवा दुकानदार असतो. १९३९ च्या वणव्यांनंतर न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनी चौकशी केली. आगी मुख्यतः माणसाच्या हातून लागल्या आणि त्यांना तोंड देण्याची एकसूत्री व्यवस्था नव्हती, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. १९४५ साली व्हिक्टोरियात 'कंट्री फायर अथॉरिटी' स्थापन झाली. आज तिच्यात पन्नास हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या 'रुरल फायर सर्व्हिस'मध्ये ही संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. स्वयंसेवी अग्निशमनाची ही जगातील सर्वांत मोठी संघटना मानली जाते.

संख्येपेक्षाही तिची रचना लक्षणीय आहे. प्रत्येक गावाचे स्वतःचे पथक, स्वतःची शेड, स्वतःचा बंब. ठरलेल्या दिवशी एकत्र यावयाचे, नळ्या उलगडावयाच्या, पंप चालवून पाहावयाचा, नव्यांना शिकवावयाचे. वर्षातील बहुतेक दिवस यांतील काहीही 'उपयोगी' पडत नाही. पाऊस पडत असतो, कुरणे हिरवी असतात आणि त्या शेडमध्ये जमलेली दहा-पंधरा माणसे बाहेरच्या माणसाला रिकामटेकडी वाटावीत. पण याच नीरस, नित्यनेमाच्या एकत्र येण्यातून एक गोष्ट घडते. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कोणाच्या तळ्यात उन्हाळ्यातही पाणी असते, कोणता रस्ता पुढे बंद होतो, हे पथकाला ठाऊक असते. संकटाच्या दिवशी हे ज्ञान कोणत्याही नकाशात सापडत नाही. नित्य उपक्रमाचे मोल जाणणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला यातील मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

या सेवेची किंमतही मोजावी लागते. २०१९-२० च्या उन्हाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलिया महिनोन्महिने जळत होता. ३३ माणसे वणव्यात मृत्युमुखी पडली, तीन हजारांहून अधिक घरे गेली. १९ डिसेंबर २०१९ रोजी न्यू साउथ वेल्समध्ये बंबावर झाड कोसळून दोन तरुण स्वयंसेवक ठार झाले. दोघेही लहान मुलांचे पिते होते. त्यांच्यापैकी एकाच्या अंत्यविधीत सेवेचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांनी गुडघे टेकून, तोंडात चोखणी असलेल्या त्याच्या चिमुकल्या मुलाच्या सदऱ्यावर पित्याचे पदक लावले. फिट्झसिमन्स यांचे स्वतःचे वडील २००० साली सिडनीजवळ जंगलातील नियंत्रित जाळाच्या कामात असताना मृत्यू पावले होते. आयुक्त स्वतः १९८५ साली एका गावच्या पथकात साधे स्वयंसेवक म्हणून आले होते. ज्यांनी नळी हातात धरली तेच पुढे नेतृत्व करतात तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन येते, हे त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाने अनुभवले.

नेतृत्वाचा दुसरा अनुभवही त्याच वेळी आला. राज्ये जळत असताना पंतप्रधान स्कॉट मॉरिसन कुटुंबासह हवाई बेटांवर सुट्टीसाठी गेले होते. परतल्यावर २ जानेवारी २०२० रोजी ते कोबार्गो या जळालेल्या गावात गेले, तेव्हा लोकांनी त्यांना उघड दूषणे दिली. काहींनी हस्तांदोलन करण्यासही नकार दिला. या लोकांच्या रागामागे केवळ सुट्टीचा मुद्दा नव्हता. आपल्या गावात बंब पुरेसे नव्हते, आपली माणसे पदरमोड करून दिवसरात्र लढली, ही खरी वेदना होती. समाज स्वतःहून पुढे येतो म्हणून शासनाने मागे सरावे, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. स्वयंसेवकाच्या त्यागाचे गोडवे गाणे आणि त्याच्या हाती जुनी उपकरणे देणे हा त्या त्यागाचा अपमान होय. महिनोन्महिने काम बुडालेल्या स्वयंसेवकांना सहा हजार डॉलरपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय केंद्र सरकारने २९ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर केला. त्यावर, सेवेला मोल लावावे काय, अशी चर्चा झाली. सेवेला मोल नसते हे खरे. पण सेवकाच्या घरातील चूल पेटती ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हेही तितकेच खरे.

औदार्याची दिशा

संकटानंतर उसळणाऱ्या करुणेचेही असेच आहे. जानेवारी २०२० मध्ये एका विनोदी अभिनेत्रीने समाजमाध्यमावरून केलेल्या आवाहनाला जगभरातून प्रतिसाद मिळाला आणि ५ कोटी १० लाख डॉलर जमले. आवाहन करताना निधी न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन सेवेच्या विश्वस्त निधीसाठी म्हणून मागितला गेला होता. देणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात मात्र घर गमावलेली कुटुंबे होती, होरपळलेले प्राणी होते, अन्य राज्ये होती. प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की, विश्वस्त निधीच्या लेखात जे उद्देश आहेत त्यांवरच हा पैसा खर्च करता येईल; बेघरांना वा अन्य संस्थांना तो वाटता येणार नाही. कोणी लबाडी केली नव्हती. भावना शुद्ध होती, रक्कम प्रचंड होती. पण दान कोठे पोहोचेल याचा विचार देणाऱ्याने आधी केला नव्हता. आपल्याकडे दान देताना देश, काळ आणि पात्र पाहावे, असे सांगितले आहे. ते कोरडे तत्त्वज्ञान नाही, त्यामागे व्यवहाराचा अनुभव आहे.

याउलट दिशा सापडलेल्या सेवेची उदाहरणेही त्याच भूमीत आहेत. काळ्या शनिवारी किलमोर ईस्ट येथील एका शेतकरी दांपत्याच्या शेताची तारेची कुंपणे जळाली. मेंढ्या वाचल्या होत्या, पण कुंपणाविना त्या राखायच्या कशा? स्वयंसेवकांनी येऊन कुंपण उभे करून दिले. तेव्हा त्या दांपत्याच्या लक्षात आले की, परिसरातील प्रत्येक शेतकऱ्याची हीच अडचण आहे आणि शासकीय मदतीच्या यादीत तिला जागा नाही. त्यातून 'ब्लेझएड' ही संस्था जन्मली. शहरांतील निवृत्त माणसे, तरुण, प्रवासी कोणत्यातरी मैदानावर मुक्काम ठोकतात, दिवसभर शेतकऱ्याबरोबर जळक्या तारा गुंडाळतात, नवे खांब रोवतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. तेव्हापासून ऑस्ट्रेलियात जेथे वणवा वा पूर तेथे ही माणसे पोहोचतात. कुंपण हे निमित्त. दिवसभर शेजारी कोणीतरी आहे, आपले ऐकणारे आहे, या जाणिवेने राखेत बसलेला शेतकरी पुन्हा उभा राहतो.

भारतीयांना अभिमान वाटावा असे एक उदाहरण २०१९-२० च्याच उन्हाळ्यातील आहे. व्हिक्टोरियाच्या पूर्व भागातील बेर्न्सडेल येथे घरे सोडून आलेल्या लोकांसाठी 'सिख व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया' या मेलबर्नच्या संस्थेने, तेथील एका भारतीय उपाहारगृहाच्या चालक दांपत्याच्या साहाय्याने, रोज गरम वरण, भाजी आणि भात पुरवला. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, देशभर छायाचित्रे झळकली. पण या सेवेचे रहस्य छायाचित्रात दिसत नाही. ही संस्था त्या आधीची कित्येक वर्षे फिरत्या गाडीतून गरजूंना विनामूल्य जेवण देत होती. भांडी होती, माणसे ठरलेली होती, शेकडोंचा स्वयंपाक हाताला सवयीचा होता. त्यामागे लंगरची शतकांची परंपरा होती. संकट आल्यावर त्यांनी नवे काही सुरू केले नाही. रोजचेच काम संकटाच्या जागी नेले.

अर्धसत्यांची भांडणे

प्रत्येक मोठ्या वणव्यानंतर ऑस्ट्रेलियात एक वाद हमखास पेटतो. एक पक्ष म्हणतो, सारा दोष हवामानबदलाचा. दुसरा म्हणतो, पर्यावरणवाद्यांनी जंगलातील वाळका पाला जाळू दिला नाही, त्याचे हे फळ. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही पक्ष आपल्या सोयीपुरतेच सत्य बोलतात. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष होते. त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. त्याचप्रमाणे वाढलेल्या इंधनाचा प्रश्नही खोटा नाही.

तेथील मूळ रहिवासी सहस्रावधी वर्षे या भूमीत अग्नी हाताळत आले. योग्य ऋतूत, योग्य वेळी, लहान आणि मंद आग लावावयाची. ती पाचोळा खाते, पण वृक्षांच्या शेंड्यांना स्पर्श करीत नाही. जळालेल्या आणि न जळालेल्या तुकड्यांची गोधडी तयार होते आणि मोठ्या आगीला सलग मार्ग मिळत नाही. १७८८ नंतर युरोपीय वसाहतकारांनी या लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकले आणि त्यांच्याबरोबर हे ज्ञानही हद्दपार झाले. जेत्याला जे रानटीपण वाटले ते वस्तुतः भूमीचे शास्त्र होते. न्यू साउथ वेल्सच्या २०२० च्या चौकशीने या पारंपरिक पद्धतीचा अधिक अवलंब करण्याची शिफारस केली, ही उशिरा आलेली का होईना, पण कबुली आहे. मात्र परंपरेच्या नावाने अतिरेकी दावेही करू नयेत. काळ्या शनिवारसारख्या हवामानात वारा आणि उष्णता यांच्यापुढे नियंत्रित जाळाचा उपयोग मर्यादित ठरतो. परंपरा, विज्ञान आणि सावध नागरिक ही तिन्ही एकत्र आली तरच काही साधते.

राखेतून शाळा

३१ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी मल्लाकूटा या समुद्रकाठच्या गावात आकाश आधी काळे आणि मग रक्तासारखे लाल झाले. बाहेर जाणारा एकमेव रस्ता बंद होता. सुमारे चार हजार माणसे, गावकरी आणि पर्यटक, पाण्याच्या काठाशी जमली. काहींनी होड्यांत आश्रय घेतला. गावाच्या पथकाने ठाण मांडून लढा दिला. शंभराहून अधिक घरे गेली. पण काठावर जमलेली माणसे वाचली आणि पुढे नौदलाच्या जहाजाने हजारावर लोकांना बाहेर नेले. २००९ आणि २०१९ यांत एक फरक आहे. दोनच दिवस आधी त्या भागातील पर्यटकांना निघून जाण्यास निःसंदिग्ध शब्दांत सांगितले गेले होते आणि उरलेल्यांना शेवटी कोठे जावयाचे हे माहीत होते. दहा वर्षांपूर्वीच्या मृतांनी दिलेला धडा काही प्रमाणात तरी शिकला गेला होता.

तो सर्वांत मनापासून कोणी शिकला असेल तर स्ट्रॅथेवन गावाने. काळ्या शनिवारी या लहानशा वस्तीतील २७ माणसे गेली. प्राथमिक शाळा जळाली. शाळा पुन्हा बांधली गेली आणि काही वर्षांनी तेथे एक उपक्रम सुरू झाला. वरच्या वर्गांतील मुले गावच्या अग्निशमन पथकातील स्वयंसेवकांकडून आगीचा अभ्यास शिकतात. चढावर आग वेगाने का धावते, वारा कसा ओळखावा, धोक्याच्या पायऱ्या कोणत्या, घरी निघण्याची योजना कशी करावी. मग मुले मातीच्या बाहुल्यांची चित्रफीत करून ते इतरांना शिकवतात. ज्या गावाला आगीचे नावही नकोसे व्हावे, त्याने मुलांसमोर आगीचा विषय उघडपणे ठेवला. अज्ञानातून येणारी भीती मुलांना दुबळी करते, ज्ञानातून येणारी सावधता त्यांना समर्थ करते, असा त्यामागील विचार आहे.

मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी वणवाग्रस्त गावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. मनावरच्या जखमा अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे टिकून राहिल्याचे त्यांना दिसले. त्याचबरोबर असेही आढळले की, जी माणसे गावातील एखाद्या मंडळाशी, गटाशी जोडलेली होती त्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने बरे राहिले. मग ते मंडळ खेळाचे असो, बागकामाचे असो वा अग्निशमनाचे. समाज संघटित असणे हे केवळ संकटाशी लढण्याचे साधन नाही, संकटानंतर जगण्याचेही ते साधन आहे.

आपल्या डोंगरांकडे पाहताना

मेलबर्न आणि सिडनीच्या उपनगरांत आज हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यांतील अनेकांची घरे शहराच्या वाढत्या कडेला, जंगलाच्या जवळ आहेत. त्यांच्यासाठी हा विषय परका नाही. गावच्या पथकात नाव नोंदवणे, उन्हाळ्यापूर्वी निघण्याची योजना घरात बसून ठरवणे, नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबाला तेथील धोक्याच्या पायऱ्या मराठीत समजावून देणे, हे त्यांच्या आवाक्यातील काम आहे.

सह्याद्रीतील वणवा ऑस्ट्रेलियाच्या वणव्याइतका अक्राळविक्राळ नसतो. तो बहुधा गवतातून सरपटतो. पण फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटलेले दिसणे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की, त्याची दखलही घेतली जात नाही. जाळल्याने गवत चांगले येते ही समजूत, पेटती विडी टाकण्याची बेफिकिरी, बांध साफ करताना सुटलेला जाळ, यांतून कोकणातील आंबा-काजूच्या बागा दरवर्षी होरपळतात, पक्ष्यांची घरटी आणि कोवळी रोपे जातात. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु प्रत्येक टेकडीवर वनरक्षक उभा राहू शकत नाही. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे हे वनविभागाचे काम खरे, पण त्या वेळी गावातील तरुण बरोबर असतील तर ते काम कागदावर राहत नाही.

म्हणून माघ संपण्यापूर्वी प्रत्येक डोंगराकाठच्या गावात काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. डोंगर पेटला तर पहिला फोन कोणाला करावयाचा? ओल्या फांद्या आणि झोडपणी घेऊन जाणारी दहा माणसे कोणती? वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या आजींना घराबाहेर आणणार कोण? पाणी कोठे आहे? ज्या गावात या प्रश्नांची उत्तरे नावानिशी तयार आहेत, तेथे आग लागली तरी ती बागेपर्यंत आणि वाडीपर्यंत पोहोचण्याआधी अडवली जाण्याची शक्यता आहे. ज्या गावात नाहीत, तेथे येत्या रविवारी मारुतीच्या पारावर बसून ती लिहून काढण्यास प्रारंभ करता येईल.